अम्लपित्त आणि आम्ल : आम्लशामक औषधांच्या इतिहासाची शब्दबाजू

‘पित्त’ हा शब्द आजच्या मराठीत निदान चार अर्थांनी वापरला जातो. आयुर्वेदाच्या परिभाषेत तो तीन दोषांपैकी एक आहे. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसाचे नाव आहे. अंगावर खाजरे चट्टे उठले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतात. आणि जेवणानंतर छातीत जळजळून आंबट पाणी तोंडाशी आले, तर तेही पित्तच. रागाने पित्त खवळते तो लाक्षणिक प्रयोग येथे सोडून देऊ. ह्या चौथ्या अर्थाशेजारी गेल्या दोन-तीन पिढ्यांत ‘ॲसिडिटी’ हा शब्द येऊन बसला आहे, आणि दोहोंत काही भेद आहे असे बोलणाऱ्यास सहसा वाटत नाही. पित्त म्हणजेच ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणजे जठरात आम्ल जास्त होणे, आणि त्यावर उपाय म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, अशी ही समीकरणांची साखळी आहे.

प्रस्तुत निबंधात आम्लशामक औषधांचा इतिहास पाहावयाचा आहे. परंतु तो वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला औषधांचा कालानुक्रम नव्हे. ह्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर रोगाच्या नावाने उपचाराची दिशा ठरविली असे आढळून येते. नाव चुकले तेथे उपचारही दीर्घकाळ चुकला, आणि क्वचित् नाव सैल असूनही औषध योग्य निघाले. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयाकडे वळण्याचे प्रयोजन एवढेच.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. चरकसंहितेत पित्ताचे गुण सांगताना ते उष्ण, तीक्ष्ण, द्रव असून रसाने अम्ल व कटु असल्याचे म्हटले आहे. सुश्रुताचे म्हणणे किंचित् पण महत्त्वाच्या बाबतीत निराळे आहे. प्रकृत अवस्थेत पित्त कटुरस असते. ते विदग्ध झाले, म्हणजे अर्धवट पचून बिघडले, की अम्ल होते. पहिल्या मताप्रमाणे आंबटपणा हा पित्ताचा स्वभाव ठरतो, दुसऱ्याप्रमाणे ती त्याची विकृती ठरते. हा भेद केवळ टीकाकारांच्या चर्चेपुरता आहे असे कोणास वाटेल. तथापि शेकडो वर्षांनंतर युरोपातील रसायनज्ञ नेमक्या ह्याच प्रश्नावर दोन पक्षांत विभागले गेले होते : जठरातील आम्ल हे निरोगी पचनाचे साधन की बिघडलेल्या अन्नाचा आंबलेला अंश ?

चरकसंहितेत अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. साधारणतः सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात तो आहे, आणि तेथे अम्लपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन भेद केले आहेत. अपचन, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, हृदयप्रदेशी व कंठात दाह, अरुची ही लक्षणे दिली आहेत. काश्यपसंहितेच्या खिलस्थानातही ह्या रोगाचा स्वतंत्र विचार आहे. नेपाळात हेमराज शर्मा ह्यांना मिळालेल्या पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे जुन्या पिढीतील अभ्यासकांस तो उपलब्धच नव्हता. अम्लपित्त हा आनूप देशात, म्हणजे पाणथळ प्रदेशात, विशेष आढळणारा रोग असून औषधाने तो न शमल्यास रोग्याने देशांतर करावे, असे काश्यपाचे सांगणे आहे. म्हैसूर येथे काम करणारे इंग्रज शल्यवैद्य फ्रँक टोव्ही ह्यांनी विसाव्या शतकात भारतातील ग्रहणीच्या व्रणाची प्रादेशिक पाहणी केली, तेव्हा भात खाणाऱ्या दमट प्रदेशांत तो अधिक व गहू खाणाऱ्या प्रदेशांत कमी असे त्यांना दिसले. ही दोन विधाने शेजारी ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. काश्यप ज्याला अम्लपित्त म्हणतो तो लक्षणांचा समुच्चय आहे. टोव्ही मोजत होते तो आतड्याच्या अस्तराला पडलेला, डोळ्यांनी दिसणारा खड्डा आहे. एकाच आंबट ढेकरेच्या मागे व्रण असू शकतो, नसूही शकतो.

अम्लपित्त म्हणजे आम्लाधिक्य असे समीकरण मांडणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. आंबट पदार्थ बहुधा पित्तकर असतात, मात्र डाळिंब व आवळा ह्यांना अपवाद समजावे, असे चरकसंहितेत म्हटले आहे. आपल्या घरांत मोरावळा पित्तावर देतात. कोकणात व गोव्यात अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात आणि पोटातही घेतात. आवळा व आमसूल दोन्ही रसायनशास्त्राच्या कसोटीने स्वच्छ आम्लधर्मी आहेत. पित्त जर आम्लच असते, तर आम्लावर आम्ल देणे हा वेडेपणा ठरला असता. तो वेडेपणा नाही, कारण ‘पित्त’ ही संकल्पना चवीच्या, उष्णतेच्या व पचनाच्या अनुभवावर उभारलेली आहे. द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या मोजणीवर नव्हे. उलट शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ ह्यांचा उपयोग पाहिला तर तेथे रसायनशास्त्राला ओळखीची गोष्ट दिसते. शंख, कवडी व पोवळे ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहेत, आणि आजच्या चघळण्याच्या अनेक आम्लशामक गोळ्यांत हेच द्रव्य असते. म्हणजे एकाच परंपरेत आम्लाचे उदासीनीकरण करणारे औषधही आहे आणि स्वतः आंबट असलेले औषधही आहे. ह्या दोहोंना जोडणारा धागा ‘पित्त’ हा शब्द आहे. तो शब्द ‘ॲसिडिटी’ने बदलला की धागा तुटतो, आणि आवळा अकारण विसंगत दिसू लागतो.

शब्दाच्या मुळाबद्दल एक लहानसा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. संस्कृत ‘अम्ल’ हाच प्राकृतातून येताना ‘अंब’, ‘अंबिल’ असा होतो. मराठीतील ‘आंबट’ व ‘आंबील’ ही त्याचीच संतती. शास्त्रीय परिभाषेत मात्र आपण ‘आम्ल’ असे दीर्घ रूप रूढ केले आहे. तेव्हा ‘अम्लपित्त’ हे वैद्याचे व ‘आम्ल’ हे रसायनज्ञाचे, अशी ऱ्हस्व-दीर्घाची एक उपयुक्त सीमारेषा नकळत आखली गेली आहे. ह्या निबंधात ती पाळली आहे.

युरोपातही रोगाच्या नावाने घोटाळा केलाच. ग्रीक भाषेत ‘कार्डिया’ हा शब्द हृदयासाठी व जठराच्या वरच्या तोंडासाठी असा दोहोंकरिता वापरला जाई. त्यामुळे जठरमुखाच्या वेदनेला ‘कार्डियाल्जिया’ म्हणत, आणि गॅलनलाही ह्या द्वयर्थाचा खुलासा करावा लागला होता. इंग्रजीत जळजळीला आजही हृदयाचा दाह अशाच अर्थाचा शब्द आहे. माधवनिदानातील लक्षणांतही हृत्कंठदाह येतो, आणि आपण ‘छातीत जळजळ’ म्हणतो. तीन निरनिराळ्या भाषांनी जठराची व्यथा हृदयाच्या पत्त्यावर पाठविली, ह्याचे कारण शरीररचनेत आहे. अन्ननलिका उरोस्थीच्या मागून, हृदयाला लागूनच खाली उतरते, आणि दोहोंकडून येणाऱ्या वेदनेची जागा मेंदूला नीट ओळखता येत नाही. ह्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. हृदयविकाराचा झटका कित्येकदा पोटाच्या वरच्या भागातील जळजळीच्या रूपाने जाणवतो, आणि ‘पित्त असेल’ म्हणून सोडा घेऊन पडून राहिलेल्या माणसाचे मोलाचे तास वाया जातात. शब्दाचा सैलपणा येथे व्याकरणाचा विषय राहत नाही.

आता रसायनाकडे येऊ. ब्रुसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट (१५८०–१६४४) ह्याने जठरातील आंबट रस पचनाला आवश्यक असल्याचे आग्रहाने मांडले. ‘गॅस’ हा शब्द ग्रीक ‘खाओस’वरून घडविणारा तो हाच. पोटातील वायूला आपण हाच शब्द लावतो, हा योगायोग मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याच्यामागून लायडनचा प्राध्यापक फ्रान्सिस्कस सिल्व्हियस ह्याने सर्व रोगांचे मूळ आम्ल व अल्कली ह्यांच्या असमतोलात शोधले. ‘अल्कली’ हा अरबी शब्द मुळात खारट जमिनीतील वनस्पतींच्या राखेचे नाव आहे. आपला सज्जीखार त्याच कुळातला. सिल्व्हियसच्या मतामुळे खेकड्याचे खडे, शिंपल्यांची पूड, मोती, पोवळे ह्यांना युरोपीय औषधालयात मोठी मागणी आली. शंखभस्म देणारा वैद्य व शिंपल्यांची पूड देणारा युरोपीय वैद्य परस्परांना न भेटताच एकाच द्रव्यावर येऊन थांबले होते.

ह्यानंतरचा टप्पा मला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत रम्य वाटतो. १७५४ साली एडिंबरो विद्यापीठात जोझेफ ब्लॅक नावाच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या पदवीसाठी लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता, अन्नापासून जठरात उत्पन्न होणारे आम्ल आणि शुभ्र मॅग्नेशिया. शुभ्र मॅग्नेशिया हे जळजळीवरचे औषध म्हणून त्याने तपासावयास घेतले. त्यावर आम्ल घातले की बुडबुडे येतात, ते भाजले की त्याचे वजन घटते आणि पुढे आम्ल घातले तरी बुडबुडे येत नाहीत, असे त्याला दिसले. वजनकाटा हाती धरून त्याने दाखविले की त्या पांढऱ्या पुडीत एक वायू बद्ध होऊन राहिलेला असतो. त्याने त्यास ‘बद्ध वायू’ म्हटले. आज त्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. वायूंच्या रसायनशास्त्राचा पाया अशा रीतीने आंबट ढेकरेच्या औषधातून घातला गेला. सोडा घेतल्यावर लगेच मोठी ढेकर येते आणि रोग्याला ‘आता मोकळे वाटले’ असे वाटते. ती ढेकर म्हणजे ब्लॅकचा बद्ध वायूच होय. ती औषध लागू पडल्याची खूण आहे खरी, पण रोग बरा झाल्याची नव्हे.

मॅग्नेशियाचे पुढचे चरित्र व्यापाराचे आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या जेम्स मरी ह्याने १८२९ मध्ये तेथील व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ अँग्लसी ह्यांच्या पोटदुखीसाठी द्रवरूप मॅग्नेशिया तयार केला, आणि १८७३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हेन्री फिलिप्स ह्याने ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’चे एकस्व घेतले. ‘मॅग्नेशिया’ हे थेसलीतील एका प्रदेशाचे नाव. त्याच नावापासून ‘मॅग्नेट’ व ‘मँगनीज’ हेही शब्द निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इनो हे फसफसणारे लवणही इंग्लंडात विकले जाऊ लागले आणि साम्राज्याच्या वाटांनी हिंदुस्थानात आले. आज मराठी घरांत ते औषधाइतकेच ढोकळ्याच्या पिठातही पडते. सोडा शेवटी सोडाच.

जठरातील आम्ल कोणते, हा प्रश्न मात्र मॅग्नेशियाने सुटला नव्हता. लंडनचा वैद्य विल्यम प्राउट ह्याने डिसेंबर १८२३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून दाखविले की प्राण्यांच्या जठरात मुक्त स्वरूपात म्युरिएटिक आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, असते. ‘म्युरिया’ म्हणजे लॅटिनमध्ये खारवणी. मिठापासून निघणारे ते आम्ल. जिवंत शरीरात इतके दाहक खनिज आम्ल तयार होत असेल हे अनेकांना पटेना. दूध आंबते तसे अन्न आंबून आम्ल होते, हे सुश्रुताच्या विदग्धतेशी नाते सांगणारे मत अधिक स्वाभाविक वाटत होते. ह्या वादाचा निकाल एका अपघाताने लावला. ६ जून १८२२ रोजी ह्यूरन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन ह्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायमचे उघडे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट ह्याने पुढील वर्षांत त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे सोडून व रस बाहेर काढून दोनशेवर प्रयोग केले आणि ते १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जठररस हा रासायनिक कार्य करणारा स्राव आहे व त्यात मुक्त म्युरिएटिक आम्ल आहे हे त्यातून सिद्ध झाले. सेंट मार्टिन निरक्षर होता, नोकर म्हणून बोमाँटच्या घरी राबत होता, आणि अनेकदा पळूनही गेला होता. पचनशास्त्राच्या ह्या पायाभूत ग्रंथाचे श्रेय देताना त्याची संमती किती खरी होती हा प्रश्न गाळू नये.

आम्ल निरोगी जठराचे आहे हे ठरल्यावर त्याच्यावर दोषारोप ठेवणे कठीण व्हावयास हवे होते. घडले उलटे. १९१० साली झाग्रेबचे शल्यवैद्य कार्ल श्वार्त्स ह्यांनी असे सूत्र मांडले की आम्लयुक्त जठररसावाचून पचनज व्रण होत नाही. सूत्र अत्यंत आटोपशीर होते. पण ‘आम्ल असल्याखेरीज व्रण नाही’ ह्याचा अर्थ ‘आम्लामुळेच व्रण’ असा नव्हे. आवश्यक अट व पुरेसे कारण ह्यांतील हा भेद तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवितात. वैद्यकाने तो पाऊणशे वर्षे बाजूस ठेवला. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिपी ह्यांनी रोग्याला तासातासाला दूध व साय आणि मध्ये अल्कलीची पूड देण्याची पद्धत सुरू केली, आणि कित्येक दशके ती जगभर चालली. तिच्यामुळे काही रोग्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडली, आणि दूध क्षणभर शांत करून नंतर आम्लाचा स्राव वाढविते हेही पुढे कळले. थंड दुधाचा पेला अजून आपल्याकडील पहिला घरगुती उपाय आहे. इव्हान पाव्हलोव्ह ह्यांच्या प्रयोगांमुळे व्हेगस मज्जातंतूचा स्रावाशी असलेला संबंध स्पष्ट झाला होता. त्याचा आधार घेऊन १९४३ पासून शिकागोचे लेस्टर ड्रॅगस्टेड व्रणाच्या रोग्यांत तो मज्जातंतूच कापू लागले. इतर शल्यवैद्य जठराचा मोठा भाग काढीत होतेच. गंमत अशी की, पाव्हलोव्ह ह्यांची प्रयोगशाळा कुत्र्यांचा जठररस अपचनाचे औषध म्हणून विकून आपला खर्च भागवीत असे. एकाच रसाचा एकीकडे पुरवठा आणि दुसरीकडे उच्चाटन !

आम्लाच्या स्रावाला चालना देणारा रासायनिक दूत लव्हूव्ह येथील लेऑन पोपिएल्स्की ह्यांना सापडला होता. हिस्टामिन टोचले की कुत्र्याच्या जठरातून आम्लाचा पूर लोटतो, हे त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. परंतु पुढे निघालेली हिस्टामिनविरोधी औषधे शिंका व खाज थांबवीत, आम्ल थांबवीत नसत. तेव्हा हिस्टामिन ज्याला चिकटते असे ग्राही दोन प्रकारचे असले पाहिजेत, असा तर्क जेम्स ब्लॅक ह्यांनी केला आणि स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या इंग्लंडातील वेल्विन गार्डन सिटी येथील प्रयोगशाळेत १९६४ पासून दुसऱ्या ग्राहीला अडविणारा रेणू शोधावयास प्रारंभ केला. हिस्टामिनच्या रेणूतच थोडा-थोडा फेर करीत जाण्याची त्यांची रीत होती, आणि पहिली अंधुक आशा दिसण्यापूर्वी सुमारे दोनशे संयुगे टाकून द्यावी लागली. १९७२ मध्ये बुरिमामाइड जाहीर झाले, पण ते तोंडावाटे पुरेसे लागू पडेना. मेटियामाइड लागू पडले, पण काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातील गंधकयुक्त गट बदलून केलेले सिमेटिडीन १९७६ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत आले. जळजळीसाठी मॅग्नेशिया तपासणारा जोझेफ ब्लॅक आणि सिमेटिडीन घडविणारे जेम्स ब्लॅक, दोघेही स्कॉटिश घराण्यांतले व दोघांचाही ग्लासगो विद्यापीठाशी संबंध. मध्ये सव्वादोनशे वर्षे. जेम्स ब्लॅक ह्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

औषधांची नावे कशी घडतात हा भाषाशास्त्राचा एक दुर्लक्षित प्रांत आहे, आणि आम्लशामके त्याचे उत्तम नमुने होत. प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक विक्रीचे, एक सर्वसामान्य. सिमेटिडीनचे विक्रीनाव ‘टॅगामेट’ हे ‘अँटॅगॉनिस्ट’मधील ‘टॅग’ आणि ‘सिमेटिडीन’मधील ‘मेट’ जोडून केलेले आहे. उच्चारणाऱ्याला त्यातील रसायन जाणवत नाही. सर्वसामान्य नावांची व्यवस्था जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठरावाने सुरू केली. तीत एका वर्गाच्या औषधांना एकच प्रत्यय लागतो. सिमेटिडीन, रॅनिटिडीन, फॅमोटिडीन ही ‘-टिडीन’ कुळातली. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही ‘-प्राझोल’ कुळातली. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही प्रत्ययव्यवस्था लगेच आवडेल. तीत अपवादही आहेत. मनोविकारावरील ॲरिपिप्राझोल हे वरवर ह्याच कुळातले वाटते, परंतु त्याचा प्रत्यय ‘-पिप्राझोल’ असा वेगळा धरावा लागतो. ध्वनिसाम्याचा धोका काल्पनिक नाही. ओमेप्राझोल प्रथम ‘लोसेक’ नावाने विकले गेले. अमेरिकेत ते नाव ‘लॅसिक्स’ ह्या मूत्रल औषधाशी गल्लत करू लागले, म्हणून १९९० मध्ये तेथे ते बदलून ‘प्रायलोसेक’ करण्यात आले. दोन शब्दांतील अंतर किती असावे हा प्रश्न येथे रोग्याच्या जिवाशी निगडित होता.

भारतात ही औषधे स्वस्त झाली ती कायद्यामुळे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधद्रव्यावर नव्हे तर ते तयार करण्याच्या प्रक्रियेवरच एकस्व मान्य केले, आणि २००५ पर्यंत ती स्थिती राहिली. त्यामुळे रॅनिटिडीन व ओमेप्राझोल देशी कंपन्यांनी निराळ्या प्रक्रियेने बनविले आणि गावोगावच्या औषधांच्या दुकानांत ठेवले. ‘जेल्युसिल’, ‘डायजिन’, ‘रँटॅक’, ‘ओमेझ’ ही नावे मराठी बोलीत सामान्यनामांसारखी वापरली जातात. ‘पित्ताची गोळी’ हा त्यांचा समुच्चयवाचक शब्द. रॅनिटिडीनचे पुढे काय झाले हेही नमूद केले पाहिजे. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ह्या संभाव्य कर्कजनक द्रव्याचा अंश आढळला, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळण्यात आले.

ओमेप्राझोलचे कार्य त्याच्या पूर्वसूरींहून वेगळे आहे. सोडा तयार आम्ल मारतो; सिमेटिडीन आम्ल सोडण्याचा निरोप अडविते; ओमेप्राझोल आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करते. जठराच्या पेशीत हायड्रोजन बाहेर व पोटॅशियम आत घेणारे विकर असते, हे १९७० च्या दशकात जॉन फोर्ट, जॉर्ज सॅक्स आदींच्या संशोधनातून स्पष्ट झाले. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील हेसले कंपनीत १९७९ मध्ये ओमेप्राझोल तयार झाले व १९८८ मध्ये ते बाजारात आले. हा रेणू स्वतः निष्क्रिय असतो. आम्लाच्या सान्निध्यातच तो बदलून सक्रिय होतो व पंपाला घट्ट चिकटतो. ज्याला मारावयाचे त्याच्याच हातून शस्त्र घेण्याचा हा प्रकार. म्हणूनच गोळीला जठरात न विरघळणारे आवरण लागते, आणि म्हणूनच ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते, कारण पंप अन्नाच्या चाहुलीने जागे झाले असले तरच ते बंद करता येतात. जळजळ सुरू झाल्यावर ही गोळी घेणारा रोगी तिच्याकडून सोड्याची अपेक्षा करीत असतो. दोन्ही एकाच नावाखाली, ‘पित्ताची गोळी’ म्हणून मिळत असल्यावर दुसरे काय व्हावे ?

ह्याच सुमारास श्वार्त्सच्या सूत्राला धक्का बसला. पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन ह्यांना १९७९ मध्ये जठराच्या अस्तरावर वाकडे जंतू दिसले. तरुण वैद्य बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले, आणि १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत संवर्धनाच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्याने ते जंतू प्रथमच वाढले. १९८४ मध्ये मार्शल ह्यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. व्रणाच्या बहुसंख्य रोग्यांचे मूळ ह्या संसर्गात आहे आणि प्रतिजैविकांनी तो कायमचा बरा होतो, हे पुढे मान्य झाले. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. परंतु ह्या जंतूंकडे त्यापूर्वी कोणाचेच लक्ष गेले नव्हते असे नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत एडी पामर ह्यांनी हजारावर रोग्यांच्या जठरातील नमुने तपासले होते आणि जंतू आढळत नाहीत असा निर्णय दिला होता. जंतू उठून दिसतील असे रजतरंजन त्यांनी वापरले नव्हते. ग्रीसमधील मिसोलाँगी गावचे वैद्य जॉन लिकूडिस १९५८ पासून व्रणाला प्रतिजैविके देत होते, त्याबद्दल त्यांना दंड झाला. आम्लात काहीही जगू शकत नाही, ही समजूत इतकी पक्की होती. ‘आम्लाचा रोग’ हे नावच तिचे रक्षण करीत होते. ह्या काळात ज्यांची जठरे कापली गेली त्या रोग्यांचा हिशेब कोणत्याही शास्त्रीय इतिहासात सहसा मांडला जात नाही.

जंतूच्या नामकरणाची हकीकत भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. प्रथम त्यास ‘कँपिलोबॅक्टर पायलोरिडिस’ म्हटले. जठराच्या खालच्या दाराला ‘पायलोरस’, म्हणजे ग्रीकमध्ये द्वारपाल, असे नाव आहे. त्याची लॅटिन षष्ठी ‘पायलोरी’ होते, ‘पायलोरिडिस’ नव्हे. १९८७ मध्ये ही विभक्तीची चूक विधिवत् दुरुस्त झाली, आणि १९८९ मध्ये प्रजातीच निराळी ठरून ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव आले.

व्रण अशा रीतीने आम्लाच्या मुठीतून सुटला, तेव्हा आम्लशामकांच्या वापराचे केंद्र दुसऱ्या रोगाकडे सरकले. जठर व अन्ननलिका ह्यांच्या सांध्यावरील आकुंचक स्नायू सैल पडून जठररस वर चढणे, हा तो रोग. न्यूयॉर्कचे ॲशर विंकेलस्टाइन ह्यांनी १९३५ मध्ये अन्ननलिकेच्या ह्या दाहाचे वर्णन केले, तरी तो स्वतंत्र व सार्वत्रिक रोग म्हणून रूढ व्हावयास बराच काळ गेला. ह्यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, पुष्कळ रोग्यांत आम्लाचे प्रमाण मुळीच वाढलेले नसते. आम्ल जेवढे असावयास हवे तेवढेच असते. ते जेथे नसावयास हवे तेथे जाते. पंप बंद करणाऱ्या गोळीने रस वर चढणे थांबत नाही, चढलेला रस फक्त कमी दाहक होतो. म्हणून गोळी बंद करताच तक्रार परत येते, किंबहुना दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास काही दिवस आम्लाचा स्राव पूर्वीपेक्षा वाढतो आणि रोग्याला ‘गोळीवाचून चालत नाही’ असा पुरावाच मिळतो. वर्षानुवर्षे विनाकारण घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम व बी-१२ घटण्यासारखे धोकेही नोंदले गेले आहेत. ज्यांना ती खरोखर लागते, उदाहरणार्थ अन्ननलिकेला जखमा झालेल्यांना किंवा वेदनाशामक गोळ्या सतत घ्याव्या लागणाऱ्या वृद्धांना, त्यांनी ह्या भीतीने ती सोडणे हे तितकेच चूक.

ह्या रोगाला मराठी परिभाषेत काय म्हणावे ? ‘आम्लाधिक्य’ म्हणणे वर दाखविल्याप्रमाणे वस्तुस्थितीला सोडून आहे. ‘अम्लपित्त’ हा शब्द व्रण, अपचन व हा रोग अशा सर्वांना पोटात घेतो. ऊर्ध्वग अम्लपित्त त्यातल्या त्यात जवळचे, कारण त्यात निदान दिशा सांगितली आहे. परंतु आपल्या बोलीत ‘घशाशी येणे’ असा प्रयोग पूर्वापार आहे. त्यात पदार्थाचे प्रमाण किंवा दोषाचे नाव नाही. काहीतरी खालून वर, नको तेथे येते एवढेच त्यात आहे, आणि ह्या रोगाचे वर्मही तेवढेच आहे. परिभाषा करणाऱ्या मंडळींनी संस्कृत धातूंकडे वळण्यापूर्वी ह्या क्रियापदाचा विचार करावा. डॉक्टरांपुढे बसलेला रोगी ‘मला ॲसिडिटी आहे’ असे सांगतो तेव्हा तो निदान सांगत असतो. ‘घशाशी येते’ असे सांगतो तेव्हा लक्षण सांगत असतो, आणि डॉक्टरांना हवे असते ते लक्षणच.